सुटीचे सदस्यत्व : पंचवीस वर्षांची सोय की पंचवीस वर्षांचा भार?

वाशिम, प्रतिनिधी : ‘अभिनंदन! आपल्या कुटुंबाची निवड झाली आहे,’ असा दूरध्वनी येतो. कधी काळी एखाद्या प्रदर्शनात, पेट्रोलपंपावर किंवा दुकानात भरून दिलेल्या चिठ्ठीची आठवण करून दिली जाते. तीन दिवस-दोन रात्रींच्या मोफत मुक्कामाची भेट मिळणार असते. अट एकच, पती-पत्नी दोघांनीही यायचे. ठिकाण अकोला, अमरावती किंवा नागपुरातील एखादे चांगले हॉटेल. तेथे चहापान होते, पडद्यावर महाबळेश्वर, गोवा, मुन्नार दाखवले जाते आणि दोन-तीन तासांनी समोर कागद येतो. ‘ही किंमत फक्त आजच्यापुरती’ हे वाक्य त्या कागदासोबतच येते. त्यावर सही झाली, की कुटुंब पुढील पंचवीस वर्षांच्या सुट्यांसाठी बांधले जाते.

‘टाइमशेअर’ किंवा ‘हॉलिडे मेंबरशिप’ या नावाने ओळखला जाणारा हा व्यवहार महानगरांपुरता मर्यादित राहिलेला नाही. जिल्हा परिषदेचे शिक्षक, शासकीय कर्मचारी, कृषी सेवा केंद्रचालक, डॉक्टर, व्यापारी आणि बऱ्यापैकी शेती असलेली कुटुंबे हा वाशिमसारख्या जिल्ह्यातील वर्गही या विक्रीच्या कक्षेत आला आहे. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यापासून वेगळा झालेला हा जिल्हा २०१८ मध्ये केंद्राच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत गेला. अशा ठिकाणी चार लाख रुपयांचा निर्णय दोन तासांत घेणे परवडते का, हा प्रश्न केवळ हौसेचा उरत नाही.

नेमके विकत काय घेतले जाते?

या कल्पनेचा उगम १९६०च्या दशकात फ्रान्समधील आल्प्स पर्वतराजीत झाला. बर्फातील खेळांसाठी दरवर्षी येणाऱ्यांना खोली भाड्याने देण्याऐवजी त्या खोलीतील वर्षातला ठरावीक काळच विकायचा, अशी ती योजना होती. पुढे ती अमेरिकेत फोफावली. एका ठिकाणचा आठवडा दुसऱ्या ठिकाणी बदलून देणारी ‘आरसीआय’ ही संस्था तेथे १९७४ मध्ये सुरू झाली. भारतात १९८६ मध्ये स्थापन झालेल्या स्टर्लिंग हॉलिडे रिसॉर्ट्सने हा व्यवसाय रुजवला, तर १९९६ मध्ये आलेल्या महिंद्रा हॉलिडेजने ‘क्लब महिंद्रा’ या नावाने तो घराघरांत पोहोचवला.

भारतातील प्रचलित पद्धतीत ग्राहकाला मालमत्ता मिळत नाही, वापराचा हक्क मिळतो. विक्रेत्याच्या बोलण्यात ‘तुमचे हक्काचे घर’ असा उल्लेख येत असला, तरी या घराचा सातबारा नसतो, फेरफार होत नाही आणि बँक त्यावर तारण कर्जही देत नाही. वर्षाला साधारणपणे सात रात्री, ठरलेल्या आकाराची खोली आणि ठरलेला हंगाम, इतकाच हा हक्क असतो. क्लब महिंद्राच्या मूळ योजनेत हंगामांना जांभळा, लाल, पांढरा आणि निळा अशा रंगांची नावे आहेत. सर्वाधिक मागणीचा हंगाम जांभळा आणि त्याची किंमतही सर्वाधिक. याशिवाय दरवर्षी देखभालीपोटी वार्षिक शुल्क द्यावे लागते. ते महागाईबरोबर वाढते आणि सुटीवर गेले नाही तरी द्यावेच लागते. शुल्क थकले तर आरक्षण मिळत नाही.

विक्रेत्याचा हिशेब आणि घरचा हिशेब

प्रत्येक योजनेचे दर वेगळे असल्याने एक उदाहरण गृहीत धरून हिशेब मांडणे सोयीचे ठरेल. सदस्यत्व करासह चार लाख रुपये, मुदत २५ वर्षे, वर्षाला सात रात्री आणि पहिल्या वर्षीचे शुल्क करासह १८ हजार रुपये, असे समजू.

विक्रेता सांगतो, चार लाख भागिले १७५ रात्री, म्हणजे रात्रीला अवघे २,२८६ रुपये. आजच या दरात बरी खोली मिळत नाही, मग वीस वर्षांनी काय होईल? युक्तिवाद बिनतोड वाटतो. मात्र त्यात दोन गोष्टी गाळलेल्या असतात.

पहिली गोष्ट वार्षिक शुल्क. १८ हजारांना सात रात्रींनी भागले, की प्रत्येक रात्रीमागे २,५७१ रुपयांची भर पडते. म्हणजे व्याज न धरताही रात्रीचा खर्च ४,८५७ रुपयांवर जातो. दुसरी गोष्ट आज एकरकमी गेलेल्या पैशावरचे व्याज. ठेवीवर ७ टक्के व्याज मिळते आणि शुल्क तसेच हॉटेलभाडे दोन्ही वर्षाला ५ टक्क्यांनी वाढतात, असे धरले, तर चार लाखांचा भार आजच्या पैशांत वर्षाला सुमारे २० हजार रुपये होतो. त्यात शुल्क मिळवले, की वर्षाचा खर्च ३८ हजार आणि रात्रीचा सुमारे ५,४०० रुपये. विक्रेत्याच्या आकड्यापेक्षा हा दुपटीहून अधिक आहे.

येथवरचा हिशेबही सर्वच्या सर्व १७५ रात्री वापरल्या जातील, या गृहीतावर उभा आहे. पंचवीस वर्षांत प्रत्यक्षात १०० रात्रीच वापरात आल्या, म्हणजे वर्षाला सरासरी चार, तर तोच खर्च रात्रीला साडेनऊ हजारांवर जातो. यात प्रवास नाही, जेवण नाही.

याची दुसरी बाजूही न्यायाने पाहिली पाहिजे. जे कुटुंब एरवीही दरवर्षी आठवडाभर जाते आणि पाच-सहा हजार रुपये भाड्याच्या प्रशस्त खोलीत राहते, त्याच्यासाठी हा व्यवहार तोट्याचा नाही. आजी-आजोबा, मुले असे सर्वजण एका छताखाली राहू शकतात, काही ठिकाणी स्वयंपाकाची सोय असते, दर्जा ठाऊक असतो. परंतु ज्यांची सवय अडीच हजारांच्या खोलीची आहे, त्यांचे सात रात्रींचे भाडे होते साडेसतरा हजार. म्हणजे सदस्यत्वाचे वार्षिक शुल्कच त्यांच्या संपूर्ण हॉटेल खर्चापेक्षा अधिक! चार लाखांचा प्रश्न तर त्यानंतर येतो.

आता तेच चार लाख ७ टक्क्यांच्या ठेवीत ठेवले, तर वर्षाला २८ हजार रुपये व्याज येईल. न भरावे लागलेले १८ हजारांचे शुल्क त्यात मिळवल्यास दरवर्षी ४६ हजार रुपये सुटीसाठी हाती राहतात. व्याजावर कर लागू शकतो आणि महागाईने त्या रकमेची ताकद घटत जाईल, हे खरे. पण मुद्दल शाबूत राहते आणि घरात आजारपण, लग्न किंवा दुष्काळ आला तर ते मोडता येते. सदस्यत्व असे मोडता येत नाही.

महागाईपासून संरक्षण हा या योजनेचा सर्वात आकर्षक मुद्दा. तोही अर्धाच खरा आहे. गोठवली जाते ती फक्त प्रवेशाची किंमत. वार्षिक शुल्क दरवर्षी ५ टक्क्यांनी वाढले, तर आजचे १८ हजार पंचविसाव्या वर्षी सुमारे ५८ हजार होतात. हप्त्यांनी पैसे भरणाऱ्यांचा भार आणखी वाढतो. चार लाखांची रक्कम १५ टक्के व्याजाने ४८ हप्त्यांत फेडायची, तर हप्ता सुमारे ११,१३० रुपयांचा आणि एकूण परतफेड ५ लाख ३४ हजारांची होते.

सोयाबीनचे गणित

वाशिम जिल्ह्यात पैशाचे मोल सोयाबीनच्या पोत्यावर मोजण्याची सवय आहे. २०२५-२६च्या हंगामासाठी केंद्राने सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये ठरवला. त्या भावाने चार लाख रुपये म्हणजे ७५ क्विंटल सोयाबीन. एकरी साडेसात क्विंटल उतारा धरला, तर दहा एकरांचे संपूर्ण पीक आणि तेही बियाणे, खत, फवारणी, मजुरीचा खर्च वजा न करता. वार्षिक शुल्कासाठी आणखी सव्वातीन-साडेतीन क्विंटल दरवर्षी बाजूला काढावे लागतील. पावसाने पाठ फिरवलेल्या वर्षीही हे शुल्क माफ होणार नाही.

प्रश्न फक्त रकमेचा नाही, वेळेचाही आहे. जूनमध्ये पेरणी, सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर सोयाबीनची काढणी, त्यापाठोपाठ हरभरा-गव्हाची पेरणी, डिसेंबर-जानेवारीत तूर, फेब्रुवारी-मार्चमध्ये रब्बीची काढणी, असे येथील शेतकऱ्याचे वर्ष. मोकळा काळ उरतो तो एप्रिल-मे. विदर्भातील शाळा उन्हामुळे राज्याच्या इतर भागांपेक्षा उशिरा, जूनच्या उत्तरार्धात उघडतात. त्यामुळे शिक्षक आणि नोकरदारांच्या घरीही मे महिना आणि दिवाळी हीच सुटी. नेमका तोच देशभराच्या मागणीचा काळ, म्हणजेच सर्वात महागडा हंगाम. स्वस्त मिळते म्हणून खालच्या हंगामाचे सदस्यत्व घेतले, तर त्याचे आठवडे शाळा भरलेल्या किंवा शेतात काम सुरू असलेल्या दिवसांत येतात. वरच्या हंगामाचे घेतले, तरी मे महिन्यातील खोलीसाठी हजारो सदस्य एकाच वेळी रांगेत असतात. मागणीच्या काळात हवे ते ठिकाण न मिळणे ही या व्यवसायाबद्दलची जुनी तक्रार आहे. सदस्यत्व हे विशिष्ट ठिकाणाचे वचन नसते, ‘उपलब्धतेनुसार’ हा शब्द करारात असतोच.

तिसरी बाब कुटुंबाच्या वयाची. चाळिशीतील जोडप्याने आज सही केली, तर मुदत संपताना ते पासष्टीला पोहोचतील. मधल्या काळात मुले दहावी-बारावीत जातील, शिकवणीसाठी अकोला, लातूर किंवा नांदेडला खोली करून राहतील, ‘नीट’ आणि ‘जेईई’च्या तयारीत मे महिनाही निघून जाईल. दोन मुले असतील, तर अशी चार-पाच वर्षे सहज जातात. न वापरलेल्या रात्री पुढील वर्षात नेण्याची सोय बहुतेक योजनांत असली, तरी तिला मर्यादा असतात.

शिवाय या भागातील प्रवासाची रीतच निराळी आहे. शेगाव, माहूर, पंढरपूर, तुळजापूर, तिरुपती अशी देवदर्शनाला जोडून होणारी सहल येथे अधिक रूढ आहे. जिल्ह्यातच कारंजा, पोहरादेवी, शिरपूर ही तीर्थस्थाने असल्याने बाहेरचे भाविक येथे येतात आणि येथले लोक त्याच वाटेने इतरत्र जातात. देवस्थानांच्या भक्तनिवासांत अल्प दरात सोय होते. थंड हवेचे चिखलदरा शेजारच्या अमरावती जिल्ह्यात आणि लोणार सरोवर बुलडाण्यात. समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी आणि संपूर्ण ७०१ किलोमीटरचा मार्ग ५ जून २०२५ रोजी खुला झाल्यापासून स्वतःच्या वाहनाने दोन-तीन दिवसांत जाऊन येणे आणखी सोपे झाले आहे. अशा सहलींना आठवड्याच्या सदस्यत्वाची गरज पडत नाही.

पॅनकार्ड क्लब्जचा धडा

सुटीच्या नावाखालील व्यवहारांत महाराष्ट्राने मोठी ठेच खाल्ली आहे. मुंबईच्या पॅनकार्ड क्लब्ज लिमिटेड या कंपनीने हॉटेलातील ‘रूम नाइट्स’ विकण्याच्या योजना आणल्या. खोली वापरली नाही तर मुदतीनंतर वाढीव रक्कम परत, असे त्यांचे स्वरूप होते. लोकांना ओढ लागली ती खोलीची नव्हे, त्या रकमेची. एजंट बहुधा ओळखीतला किंवा नात्यातलाच असे, त्यामुळे शंका घेणे अवघड होते.

भांडवली बाजाराची नियामक संस्था ‘सेबी’ने २०१४ मध्ये अंतरिम आदेशाद्वारे या योजनांना चाप लावला. ही सुट्यांची विक्री नसून नोंदणी न केलेली सामूहिक गुंतवणूक योजना आहे, असा निष्कर्ष काढून फेब्रुवारी २०१६ मध्ये सुमारे ५१ लाख गुंतवणूकदारांचे सुमारे ७,०३५ कोटी रुपये परत करण्याचा आदेश दिला. मालमत्तांवर टाच आली, लिलाव निघाले, अपील फेटाळले गेले आणि २०२२ मध्ये कंपनी दिवाळखोरी प्रक्रियेत गेली. रॉयल ट्विंकल स्टार क्लब या कंपनीवरही ऑगस्ट २०१५ मध्ये ‘सेबी’ने अशाच कारणाने योजना गुंडाळून पैसे परत करण्याचा आदेश दिला होता.

वापराचा हक्क देणारे सरळ सदस्यत्व आणि परताव्याचे आमिष दाखवणारी योजना यांत मूलभूत फरक आहे. दोन्हींना एका मापाने मोजणे चूक ठरेल. पण फरक ओळखण्याची खूण सोपी आहे. सुटीबरोबर ‘पैसे वाढून परत’ ही भाषा सुरू झाली, की तो सुटीचा व्यवहार राहत नाही. मग त्याला ‘सेबी’ची नोंदणी आहे का, हा पहिला प्रश्न असला पाहिजे.

नामांकित कंपन्यांचीही वाट नेहमी सपाट नसते. सुरुवातीला ९९ वर्षांची सदस्यत्वे विकणारी स्टर्लिंग नव्वदच्या दशकाच्या अखेरीस आर्थिक अडचणीत सापडली. पुढे २०१४ मध्ये थॉमस कुक इंडियाने ती घेण्याचा निर्णय जाहीर केला आणि आज तिचा भर सदस्यत्वापेक्षा हॉटेल व्यवसायावर आहे. पंचवीस वर्षांचा करार म्हणजे कंपनीच्या पंचवीस वर्षांच्या प्रकृतीवर लावलेली पैजही असते.

कायद्याचा आधार किती?

युरोपीय संघाने २००८च्या निर्देशाद्वारे टाइमशेअर घेणाऱ्याला १४ दिवसांत विनाकारण माघार घेण्याचा हक्क दिला आणि त्या काळात आगाऊ रक्कम घेण्यास मनाई केली. भारतात टाइमशेअरसाठी असा स्वतंत्र कायदा नाही. काही कंपन्या करारातच ठरावीक दिवसांची माघारीची मुदत देतात. ती किती दिवसांची, कोणत्या तारखेपासून मोजायची आणि लेखी कळवायचे कुठे, हे सही करण्यापूर्वी वाचणे अगत्याचे आहे. अनेकांना ती मुदत संपल्यावरच तिचा पत्ता लागतो.

तथापि ग्राहक अगदीच निराधार नाही. २० जुलै २०२० पासून लागू झालेल्या ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार तक्रारदार जेथे राहतो, त्या जिल्ह्यातील आयोगाकडे दाद मागता येते. त्यामुळे कंपनीचे कार्यालय मुंबईत वा चेन्नईत असले, तरी वाशिमच्या ग्राहकाला तेथे खेटे घालण्याचे कारण नाही. ५० लाखांपर्यंत मोबदला दिलेली प्रकरणे जिल्हा आयोगाच्या कक्षेत येतात आणि पाच लाखांपर्यंत तक्रार शुल्क लागत नाही. तक्रार मात्र कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत करावी लागते. करारातच अन्यायकारक अटी असल्याची तक्रार राज्य आयोगाकडे करावी लागते. करारात लवादाचे कलम असले, तरी ग्राहक आयोगाचा दरवाजा बंद होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये एम्मार एमजीएफ प्रकरणात स्पष्ट केले आहे. प्राथमिक मार्गदर्शनासाठी १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे.

येथे खरी अडचण पुराव्याची असते. सभागृहात तोंडी दिलेली आश्वासने करारात नसतात. उलट ‘करारात नमूद नसलेले कोणतेही आश्वासन बंधनकारक नाही’ अशी ओळ त्यात असते. म्हणून ‘मे महिन्यात गोवा नक्की मिळेल’ असे सांगणाऱ्याकडून तेवढे एक वाक्य लिहून मागावे. ते लिहून मिळाले नाही, तर उत्तर मिळाल्यासारखेच आहे.

सदस्यत्व विकून मोकळे होऊ, हा समजही तपासून घ्यावा. जुन्या सदस्यत्वाला फारसा बाजार नाही, हस्तांतरणाचे शुल्क वेगळे आणि मागितलेल्या किमतीच्या आसपासही गिऱ्हाईक मिळणे कठीण. याच अगतिकतेवर दुसरी फसवणूक उभी राहते. ‘तुमचे सदस्यत्व चांगल्या किमतीला विकून देतो, आधी प्रक्रिया शुल्क आणि कर भरा,’ असे दूरध्वनी सदस्यांना येतात. पैसे भरले, की पलीकडचा आवाज बंद होतो. असा प्रकार घडल्यास १९३० या सायबर हेल्पलाइनवर तातडीने कळवणे हाच उपाय.

सहीपूर्वी पाच प्रश्न

गेल्या पाच वर्षांत कुटुंब प्रत्यक्षात किती रात्री हॉटेलात राहिले आणि त्यासाठी किती खर्च झाला?

मिळणारा हंगाम शाळेच्या आणि शेतीच्या वेळापत्रकात बसतो का?

वार्षिक शुल्क किती, ते कोणत्या सूत्राने वाढते आणि एका वर्षी थकल्यास काय होते?

माघारीची मुदत किती आणि मुदतीनंतर बाहेर पडल्यास किती रक्कम कापली जाते?

सदस्याच्या निधनानंतर हक्क आणि शुल्काची जबाबदारी कोणाकडे जाते?

यातील पहिल्या प्रश्नाचे उत्तर घरातच आहे आणि तेच सर्वात महत्त्वाचे. वर्षाला सहा-सात रात्री बाहेर राहण्याची सवय आधीपासून असेल, चार-सहा महिने अगोदर आरक्षण करण्याची शिस्त असेल, खर्च कर्जाविना पेलत असेल, तर सदस्यत्वाचा विचार करायला हरकत नाही. ‘सदस्यत्व घेतले की जाणे होईल’ या आशेवर मात्र ते घेऊ नये. वेळ नाही म्हणून जे कुटुंब आज सुटीवर जात नाही, त्याला चार लाख भरल्यानेही वेळ मिळणार नाही.

‘फक्त आजच’ मिळणारी किंमत उद्या मिळत नसेल, तर ती न मिळालेलीच बरी. बाजार समितीत दर पटला नाही म्हणून पोती परत घरी आणणारा शेतकरी घासाघीस कशी करायची, हे जाणतो. तोच सावधपणा वातानुकूलित सभागृहातही टिकवणे गरजेचे आहे. करारपत्राची प्रत घरी आणावी, दोन दिवस वाचावी, घरच्या सर्वांनी मिळून हिशेब मांडावा. एवढी सवड द्यायला विक्रेता तयार नसेल, तर पंचवीस वर्षांचा व्यवहार त्याच्याशी करावा की नाही, हे सांगण्यासाठी वेगळ्या हिशेबाची आवश्यकता नाही.